काठी वर झाली म्हणजे

रुपराव धकाते आमच्या मोहल्ल्याचा पोलीस होता, आणि त्याला बिघडवण्यात माझा हात होता. हे आधीच लिहून टाकतो. मी मास्तर माणूस आहे, आणि मास्तरांना प्रस्तावनेत लपून बसायची फार सवय असते.

मोहल्ला आमचा कोष्ट्यांचा, इतवारीपासून पायी पंधरा मिनिटांवर. घरोघरी जमिनीत खड्डा, खड्ड्यात पाय सोडून माणूस मागावर बसलेला, आणि सकाळपासून धोट्याची खटखट. मी म्युन्सिपालटीच्या शाळेत शिकवायचो, म्हणून अर्ज, पत्र, निवेदन, लग्नाची पत्रिका, सगळं माझ्याकडे यायचं. अक्षर चांगलं होतं. त्या अक्षराचा मला गर्वही होता, तो पुढे येईलच.

रुपरावचा बाप लवकर गेला. समोरच्या घरातल्या मारोतराव निमजेंनी त्याला आपल्या मागावर घेतलं, सूत जोडायला शिकवलं, लुगड्याचा काठ धरायला शिकवलं. पण पोरगा वाढतच गेला. कोष्ट्यांत एवढा उंच माणूस आला कुठून म्हणून बायका त्याच्या आईची थट्टा करायच्या. खड्ड्यात त्याचे गुडघे मावेनात. मारोतराव म्हणायचे, "याच्यासाठी विहीरच खोदा लागते." बासष्ट साली पोलीस भरती निघाली, तिथे मात्र उंची कामी आली. वर्षभर इकडेतिकडे काढून तो आमच्याच भागाच्या ठाण्यात आला. आपल्याच गल्लीत ड्यूटी सहसा मिळत नाही, पण तेव्हाचे साहेब जुन्या वळणाचे होते. ओळखीचा माणूस असला की निम्मं काम होतं, असं त्यांचं मत होतं.

आणि ते खरंही होतं. खाकी अर्धी चड्डी, पिंढऱ्यांना गुंडाळलेल्या पट्ट्या, हातात बांबूची काठी. त्या काठीने त्याने कुणाला मारल्याचं मला आठवत नाही. तिचे दुसरेच उपयोग होते. शाळा सुटली की तो रस्त्यात काठी आडवी धरायचा, सायकली आणि टांगे थांबायचे, मुलं पार व्हायची. मग काठी वर करायचा, म्हणजे चला, रस्ता मोकळा. मयत असो, वरात असो, गणपती असो, भाषा हीच. काठी आडवी म्हणजे थांबा, काठी वर झाली म्हणजे या. गल्लीतली म्हातारी माणसंसुद्धा तोंडाने काही न विचारता त्याच्या काठीकडे बघून पाऊल टाकायची.

पण काठीचं खरं काम पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. त्या दिवशी नागपुरात मारबती निघतात. बाईच्या रूपातले कागदाचे, बांबूचे मोठाले पुतळे मिरवत गावाबाहेर नेतात आणि वर्षाची रोगराई, पिडा त्यांच्याबरोबर धाडून देतात. त्यांच्या मागे बडगे. ज्याचा ज्याचा राग आला असेल त्याचा पुतळा म्हणजे बडग्या. कधी महागाईचा, कधी रेशनच्या मापाचा, कधी नळाला पाणी न सोडणाऱ्या साहेबाचा. आमच्या मोहल्ल्याचा बडग्या दर वर्षी बारा फुटांचा व्हायचा आणि त्याचं तोंड मी रंगवायचो. गल्ल्या अरुंद, वरून विजेच्या तारा, पताकांचे दोर, वाळत घातलेली लुगडी. रुपराव त्या दिवशी काठीच्या टोकाला बाभळीचं बेचकं बांधायचा. मिरवणुकीच्या पुढे चालायचा, तार आली की बेचक्यात अडकवून वर उचलायचा, आणि मागे वळून म्हणायचा, "चाला." आम्ही आरोळ्या देत त्या काठीखालून जायचो. त्याच्या आईला तेव्हा फार बरं वाटायचं. मोहल्ल्याचा पोलीस मोहल्ल्याच्या पुढे. हे आठ-नऊ वर्षं चाललं.

आता माझा भाग.

एकाहत्तरच्या जानेवारीत नाल्यापलीकडच्या वस्तीशी आमचं वाजलं. ती वस्ती बौद्धांची. गिरणीत जाणारी, बांधकामावर जाणारी, भाजी विकणारी माणसं. कारण काय, तर दोन्हीकडच्यांना मिळून एकच नळ. एका संध्याकाळी बादलीवरून बोलाचाली, मग दगड, मग एका पानठेल्याची मोडतोड. दोघांची डोकी फुटली, एक आमचा, एक त्यांचा. रुपराव एकटा मध्ये उभा राहिला, काठी आडवी धरून. अर्ध्या तासात दगड थांबले. आमच्याही लोकांना त्याने मागे लोटलं होतं, हे आमच्या लोकांना आवडलं नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेत बैठक झाली. जो तो सांगू लागला की पोलिसांचा धाक उरला नाही, दुसऱ्या शहरांत म्हणे आता डोक्यावर लोखंडी टोप घातलेले, ढालीवाले पोलीस येतात, पाच मिनिटांत मैदान साफ. मी कागद पुढे ओढला. लिहिलं, "आमच्या भागातील साध्या शिपायाचा समाजकंटकांस कोणताही धाक राहिलेला नाही. तरी सशस्त्र व कडक बंदोबस्त मिळावा, ही नम्र विनंती." समाजकंटक हा शब्द मला फार आवडला होता. नाल्यापलीकडच्या कुणाचं नाव लिहावं लागत नव्हतं आणि वाचणाऱ्याला कळत होतं. पहिली सही माझी. खाली एकशे सतरा.

तो कागद ठाण्यात नेऊन द्यायचं काम कोणाला दिलं, तर रुपरावला. जायचं आहेच त्याला, म्हणून. त्याने दारात उभं राहून वाचला. वाचायला मीच शिकवलं होतं, रात्रीच्या वर्गात. मग म्हणाला, "मास्तर, साधा शिपाई म्हंजे मीच नं?"

मी हसलो. म्हणालो, "अरे, ती लिहायची पद्धत असते."

"हौ," तो म्हणाला, आणि कागदाची घडी करून टोपीत ठेवली.

तीन महिन्यांनी नवी तुकडी उभी राहिली. आमच्याच अर्जामुळे राहिली असं नाही, तसले अर्ज पुष्कळ गेले असतील. पण रुपरावने तिच्यासाठी स्वतःहून नाव दिलं, ते मात्र माझ्या त्या दोन शब्दांमुळे. त्याच्या बायकोने, अनुसयाने, मला तसं सांगितलं. तो घरी म्हणाला होता, "साधा राह्यलो तं हसतेत." उंची होती, तब्येत होती, लगेच घेतला.

सहा महिने शिक्षणाला गेला. परत आला तेव्हा चाल बदललेली. आम्ही हार घातला. मी भाषण केलं. टोप घातलेला, हातात वेताची ढाल घेतलेला त्याचा फोटो काढून शाळेत लावावा असंही मीच सुचवलं, आणि लावला. त्या दिवशी अंगणात माझी छत्री हातात घेऊन त्याने आम्हाला कवायत दाखवली. शिट्टी, पाऊल, काठी वर, काठी खाली. पुन्हा शिट्टी, पाऊल, वर, खाली. शिकवायला फौजेतून आलेले उस्ताद होते म्हणे. ते रोज एकच गोष्ट सांगायचे, "चेहरा मत देखो, घुटना देखो." चेहरा पाहिला की माणूस ओळखीचा वाटायला लागतो. गुडघे सगळ्यांचे सारखे.

आम्ही खूप हसलो. मारोतराव हसले नाहीत. ते म्हणाले, "बापू, आमाले तं तुये गुडघेच ठाऊक हायेत. सहा वर्सं खड्ड्यात अडकून राह्यले होते."

तुकडी पहिल्यांदा आमच्या भागात आली ती बाहत्तरच्या उन्हाळ्यात. दुष्काळाचं वर्ष. नाल्यापलीकडच्या बायकांनी रिकामे हंडे रस्त्यावर मांडून वाहतूक अडवली होती. पाणी आम्हालाही नव्हतं, पण हंडे त्यांनी मांडले. मी शाळेच्या गच्चीवर होतो. माझ्यासारखे वीस-पंचवीस जण होते. निळी गाडी आली, टोप उतरले, रांग झाली. शिट्टी वाजली. त्यानंतर जे झालं त्याला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. हंडे गडगडत नाल्यात गेले. भीमाबाई नावाची बाई होती, तिचा नवरा नत्थू गिरणीतून येता येता तिला सोडवायला मध्ये पडला. त्याचा गुडघा फुटला. पुढे गिरणीचं काम सुटलं, बाईने आमच्या गल्लीच्या तोंडाशी भाजीची टोपली मांडली, आणि तो तिच्या शेजारी पाय लांब करून बसायला लागला.

गच्चीवर कोणीतरी टाळी वाजवली. ती मी नव्हतो. पण तुकडीला चहा न्या असं सांगणारा मी होतो. शाळेच्या कपबशा दिल्या मी. रुपराव टोप काखेत धरून उभ्यानेच चहा पीत होता. मी विचारलं, "कसं काय?"

तो म्हणाला, "गुडघे दिसले, मास्तर. बाकी काही नाई दिसलं."

मला वाटलं, शिक्षण चांगलं झालंय. खरंच, तेवढंच वाटलं मला.

पुढची दोन वर्षं तो शहरभर फिरला. कुठे संप, कुठे मोर्चा, कुठे विद्यार्थी. मोहल्ल्याला आता दुसरा शिपाई होता, तो मोटारसायकलवरून यायचा आणि कुणाला ओळखत नव्हता. मारबतीला रुपराव बंदोबस्तात असायचा, दुसरीकडे. तारा आम्ही कशाबशा वाकून चुकवायचो. अनुसया म्हणायची, "जेवतानाबी मान वर नाई करत. लेकरू बोललं तं त्याच्या पायाकडं पाह्यते." तिने हे मला दोनदा सांगितलं. मी दोन्ही वेळा म्हणालो, कामाचा ताण असेल.

चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात आमची पाळी आली. सूत मिळेना. मिळालं तर भाव असा की विणून विकण्यापेक्षा माग पेटवून स्वयंपाक करावा. तीनशे-चारशे विणकर गळ्यात सुताच्या रिकाम्या कांड्यांच्या माळा घालून सरकारी कचेरीवर निघाले. निवेदन अर्थातच मी लिहिलेलं, माझ्याच हातात. मारोतराव माझ्या बाजूला. साठी ओलांडलेली, डोक्याला पंचा.

कचेरीच्या अलीकडे टोपांची रांग आडवी उभी होती. मला सगळे एकच दिसत होते. मारोतरावांनी डोळ्यांवर हात धरून पाहिलं आणि म्हणाले, "तो पाय फाकवून उभा हाये नं, तो आपला रुपराव. चाला, तिकडूनच जाऊ."

मागच्यांना बातमी गेली, आपला रुपराव आहे. सगळा मोर्चा हळूहळू रांगेच्या त्या टोकाकडे सरकला. माणसांच्या छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं, कुणी विडीसुद्धा पेटवली. भोंग्यातून कोणी साहेब काहीतरी बजावत होते, ते आमच्यापर्यंत पोचलं नाही. मग शिट्टी वाजली आणि रांगेतल्या सगळ्या काठ्या वर झाल्या.

आता हे वाचणाऱ्याला खोटं वाटेल. मोहल्ल्याबाहेरच्या माणसाला मी हे सांगतो तेव्हा त्याला हसू येतं. काठ्या वर झाल्या तेव्हा दुसरा कोणताही जमाव मागे फिरला असता. आम्ही पुढे गेलो. मारोतराव हात वर करून मागे वळले, "काठी वर झाली, चाला," म्हणाले, आणि माणसं चालू लागली. आठ-नऊ वर्षांची सवय. रुपरावची काठी वर म्हणजे रस्ता मोकळा.

समोरच्यांना काय वाटलं असेल ते समजायला फार अक्कल लागत नाही. चारशे माणसं अंगावर येताहेत, एवढंच.

मारोतराव सगळ्यांच्या पुढे होते. काठी त्यांच्या उजव्या मनगटावर आली. मी दोन हातांवर होतो. मोडल्याचा आवाज ऐकला आणि पळालो. एका रसवंतीच्या मागे जाऊन बसलो, निवेदन रस्त्यात, एक चप्पल रस्त्यात. माझ्या अंगावर ओरखडा नाही. सगळं थांबल्यावर बाहेर आलो, तर मारोतराव दुभाजकावर बसलेले, आणि त्यांच्याजवळ भीमाबाई. ती भाजी आणायला बाजारात निघाली होती. तिने आपल्या लुगड्याचा पदर फाडून त्यांचा हात बांधला होता आणि रसवंतीच्या माठातलं तांब्याभर पाणी त्यांच्या तोंडाला लावलं होतं.

मी जवळ गेलो. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "मास्तर, आमच्या टायमाले तुमी गच्चीवर होते."

मी पायातली उरलेली चप्पल काढून हातात घेतली.

"कोनी तरी कागद लिवून देल्ला होता म्हंते, का असे टोपवाले पाठवा. कोनं लिवला होता जी तो? तुमाले ठाऊक असन."

मी म्हणालो, "नाही बा. मला नाही माहीत."

"हौ," ती म्हणाली आणि तांब्यातलं उरलेलं पाणी मला दिलं. मी प्यालो. तहान लागली होती.

हाड सांधलं, पण वाकडं. मारोतरावांचा हात धोट्याची दोरी ओढण्याच्या कामाचा राहिला नाही. रुपरावला गल्लीने वाळीत वगैरे टाकलं नाही, तशी ठराव करणारी माणसं आम्ही नव्हतो. फक्त तो आला की बोलणं थांबायचं. नळावर अनुसयाच्या दोन्ही बाजूंना जागा मोकळी राहायची. उलट मारोतरावच सगळ्यांना सांगत फिरायचे, "त्या टोपातून त्याले का दिसत असन? त्यानं पाह्यलंच नाई मले." हे ऐकून लोक माना डोलवायचे. ऐकायला सोयीचं होतं.

रुपरावने साध्या ड्यूटीवर परत जायचा अर्ज केला. तो मी लिहिला नाही, त्याने विचारलंच नाही. अर्ज परत आला. मग तो सुट्टीच्या दिवशी मारोतरावांच्या घरी जायला लागला. टोप नाही, वर्दी नाही, बनियन आणि पंचा. त्या खड्ड्यात गुडघे मुडपून बसायचा आणि मारोतरावांचं अर्धवट राहिलेलं लुगडं विणायचा. हात विसरलेला होता. काठ ढिला यायचा. मारोतराव शेजारी बसून डाव्या हाताने सूत उसवायचे आणि म्हणायचे, पुन्हा. दोघं याव्यतिरिक्त काही बोलायचे नाहीत. मी खिडकीतून पाहायचो.

पोळा जवळ आला. त्या वर्षी बडग्या कशाचा करायचा हे विचारायची गरज नव्हती. लोखंडी टोप, वेताची ढाल. रंगवायचं काम माझ्याकडे. टोप नाकापर्यंत ओढला, खाली काळा रंग फासला, तोंड काढलंच नाही. सगळे म्हणाले, मास्तर, बरोबर जमलं.

आदल्या संध्याकाळी मारोतराव रुपरावच्या घरी गेले. मी अंगणात होतो, ऐकू आलं. "उद्या काठी तूच धरजो. तारा खाली आल्या हायेत."

"काका, बडग्या माहाच हाये."

"असू दे नं. पिडा जाऊन राहिली तं रस्ता कोनी तरी दाखवा लागते."

मग रुपराव म्हणाला, "बेचकं बांधतो."

तो सकाळी आला तेव्हा धोतर-सदऱ्यात होता. काठी जुनीच, टोकाला नवं बेचकं. इतक्या वर्षांनी त्याच्या आईने दारातून पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. गल्लीने त्याला जागा करून दिली. त्याला तेवढंच हवं होतं. परत त्याच जागी, मोहल्ल्याच्या पुढे. माझ्या मनात आलं, चला, मिटलं. माझंही त्यातच मिटून जाईल.

गल्लीच्या तोंडाशी, भीमाबाईच्या टोपलीपाशी, पहिली तार होती. तिच्याशेजारी नत्थू पाय लांब करून बसलेला. रुपराव पुढे झाला. मागे मारोतराव, त्यांच्या मागे मी, मागे बडग्या. रुपरावने तार बेचक्यात घ्यायला काठी वर केली.

मारोतरावांचा वाकडा हात एकदम डोक्यावर गेला. ते मटकन खाली बसले, दोन्ही हातांत डोकं धरून. त्यांच्या मागच्या दोघा-तिघांनीही माना खाली घातल्या. मीसुद्धा. आणि टोपलीपाशी नत्थूने आपला फुटका गुडघा दोन्ही हातांनी झाकला.

आरोळ्या थांबल्या. रुपरावची काठी वरच होती.

मारोतराव लगेच उठायला लागले. ओशाळे झाले होते. "अरे नाई, तसं नोहे गा," म्हणाले, "पाय घसरला."

रुपरावने काठी खाली घेतली, जमिनीवर ठेवली. मग मान वर करून सरळ त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. कित्येक दिवसांत त्याने कुणाकडे तसं पाहिलं नसेल. "काका, मले दिसून राह्यले होते तुमी. तुमचं तोंड दिसलं. चाला म्हनले, तेबी ऐकू आलं. तरी हात खाली आला."

"ठाऊक हाये मले," मारोतराव म्हणाले.

"मंग दिसलं नाई, दिसलं नाई, असं काहून सांगत होते लोकाइले?"

"दुसरं का सांगू? तुले पोट्टं म्हनून वाढवलं."

रुपराव नत्थूकडे वळला. "तुमालेबी म्याच मारलं," म्हणाला. नत्थूने मान हलवली, म्हणजे त्यालाही माहीत होतं. पाय फाकवून उभा राहणारा त्या रांगेत एकच होता.

आणि भीमाबाई माझ्याकडे पाहत होती. रागाने नव्हे. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर यायचं राहिलं असेल तर आपण जसं पाहतो, तसं. रुपरावने आपलं सांगून टाकलं होतं, सगळ्यांसमोर. आता फक्त तोंड उघडायचं होतं. चार शब्द. तो कागद मी लिहिला. गल्ली शांत होती, इतकी शांत मी ती कधी पाहिली नाही, मारबतीच्या दिवशी तर नाहीच.

मी तोंड उघडलं, आणि मारबतीची आरोळी ठोकली. मोठ्याने, मास्तरच्या आवाजात. लोकांना सुटका हवीच होती, त्यांनी ती उचलली. बडग्या एका अंगाला कलता करून तारेखालून काढला. ढालीचं टोक अडकलं, फाटलं, आणि मिरवणूक गेली. रुपराव तिथेच राहिला. मारोतरावही त्याच्याजवळ राहिले. गावाबाहेर आम्ही तो पुतळा जाळला तेव्हा सगळ्यांत जास्त आरडाओरडा मी करत होतो.

रुपरावने पुढे तुकडीतच नोकरी पुरी केली, कारण सोडू दिली नाही. पण त्या दिवसानंतर गल्लीत त्याच्या हातात काठी कोणी पाहिली नाही, कुत्रं हाकलायलाही नाही. मारोतराव गेले तेव्हा त्यांचा माग तो खाप्याला घेऊन गेला. पेन्शन झाल्यापासून तिथेच असतो, कन्हानच्या काठाला, अनुसयाबरोबर. खड्डा म्हणे त्याने स्वतःच्या मापाने खोल खणून घेतलाय. मी एकदाही गेलो नाही. आमचा बडग्या आता आठच फुटांचा करतात. तारेला टेकत नाही, म्हणून काठी लागत नाही, आणि काठी का लागत नाही हे नव्या पोरांना ठाऊक नाही.

शाळेतला तो फोटो मी निवृत्त होईपर्यंत भिंतीवर होता. शेजारच्या कपाटात अर्जाची नक्कल होती, माझ्या सुंदर अक्षरातली. मी ती घरी आणली आहे.

भीमाबाईने पुन्हा विचारलं नाही. भाजी तिच्याकडूनच घेतो. मूठभर सांभार, म्हणजे कोथिंबीर, वरून टाकते. हे सगळं आज लिहून काढलं, कारण तिच्यासमोर बोलायची हिंमत चौऱ्याहत्तर साली नव्हती आणि आज वयाच्या पंच्याऐंशीतही नाही. लिहिताना एक आधार मनात होता, तो लाजिरवाणा आहे, पण सांगतो. भीमाबाईला वाचता येत नाही.

तिच्या नातीला येतं. टोपलीपाशी बसून आजीला रोज पेपर वाचून दाखवते, न अडखळता. मीच शिकवलंय तिला.